मंडल आणि पॅकेट : ध्वनि-गेटवेच्या मांडणीचा ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

संदेशवहनाच्या इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न विचारला असता अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः पेटंटांकडे, कंपन्यांच्या अहवालांकडे, सरकारी कायद्यांकडे आणि शास्त्रज्ञांच्या आठवणींकडे जाते. या साधनांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु यंत्राला दिलेल्या सूचनांचा जो लेख असतो, ज्याला व्यवहारात कॉन्फिगरेशन म्हणतात आणि ज्याला या निबंधात आपण ‘मांडणी’ म्हणू, त्याकडे ऐतिहासिक साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. एखाद्या कार्यालयातील नेटवर्क स्विचवर बसविलेल्या ध्वनि-गेटवेची मांडणी इतिहासाच्या दृष्टीने वाचली तर काय हाती लागते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

ध्वनि-गेटवे म्हणजे जुने दूरध्वनी-जाळे व इंटरनेटच्या पद्धतीने चालणारे जाळे यांच्या सीमेवरील यंत्र. इ. स. २००० च्या सुमारास हे यंत्र स्विचच्याच पेटीत बसू लागले. सिस्को कंपनीच्या कॅटॅलिस्ट ४००० व ६००० या स्विच-मालिकांसाठी तयार झालेले गेटवे-विभाग हे त्याचे परिचित उदाहरण होय. अशा यंत्राच्या मांडणीत स्थूलमानाने चार गोष्टी आढळतात. पहिली, वाणीसाठी राखून ठेवलेले वेगळे आभासी जाळे. दुसरी, वाणीच्या पॅकेटांना इतरांच्या आधी वाट देणारा अग्रक्रमाचा नियम. तिसरी, जुन्या जाळ्याकडे तोंड असलेल्या ध्वनि-पोर्टांचे वर्णन. चौथी, फिरविलेल्या आकड्यांवरून संभाषण कोणीकडे न्यावयाचे व कोणीकडे नेऊ नये, हे सांगणारा तक्ता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पॅकेट-पद्धतीने मंडल-पद्धतीचा पराभव केला, असे मत रूढ आहे. वरील चार गोष्टींचा उगम शोधू लागताच हे मत अपुरे वाटू लागते. मांडणीची जवळजवळ प्रत्येक ओळ ही मंडलाने पुरविलेली एखादी हमी पॅकेटच्या जगात पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी लिहिलेली दिसते. हे प्रतिपादन पुढील विभागांत तपासून पाहू.

२. मंडलाची हमी

१८७८ च्या जानेवारीत अमेरिकेतील न्यू हेवन येथे व्यापारी तत्त्वावर चालणारे दूरध्वनी केंद्र सुरू झाले. भारतात १८८२ मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनीने कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे केंद्रे उघडली. या केंद्रांतील ऑपरेटर दोन ग्राहकांच्या तारा हाताने जोडून देत असे. आल्मन स्ट्राउजर यांना १८९१ मध्ये स्वयंचलित स्विचचे पेटंट मिळाले व पुढील वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे त्या पद्धतीचे केंद्र चालू झाले. ऑपरेटरची जागा यंत्राने घेतली तरी मूळ कल्पना तीच राहिली. बोलणाऱ्या दोघांमध्ये एक अखंड विद्युत्-मार्ग उभा करावयाचा आणि संभाषण संपेपर्यंत तो दुसऱ्या कोणासही द्यावयाचा नाही. यालाच आपण मंडल म्हणतो.

मंडलाने ग्राहकाला तीन हमी दिल्या. एकदा जोडणी झाली की तिची गुणवत्ता शेजाऱ्याच्या संभाषणावर अवलंबून राहत नाही, ही पहिली. घरातील वीज गेली तरी केंद्रातील ४८ व्होल्टांच्या बॅटरीवर ग्राहकाचे यंत्र चालू राहते, ही दुसरी. तिसरी हमी विचित्र वाटेल, पण ती तितकीच महत्त्वाची आहे. मार्ग शिल्लक नसेल तेव्हा मंडल-पद्धती स्पष्ट नकार देते. व्यग्रतेचा स्वर हा तो नकार होय.

या नकाराचे गणित कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे आग्नर क्रारूप एर्लांग यांनी १९०९ व १९१७ च्या निबंधांत मांडले. किती संभाषणांसाठी किती मार्ग ठेवले असता शंभरांतील किती ग्राहकांना नकार मिळेल, हे त्यांच्या सूत्राने सांगता येते. तीस मार्गांचा समूह असेल व शंभरांत एकाच प्रयत्नास नकार मिळावा अशी अपेक्षा असेल, तर तो समूह सुमारे २०.३ एर्लांग एवढा भार वाहू शकतो. आजही गेटवेला किती मार्ग जोडावयाचे हे ठरविताना हेच सूत्र वापरले जाते.

येथे एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. अंक-पद्धतीचे आगमन व पॅकेटचे आगमन या दोन भिन्न घटना आहेत. अ‍ॅलेक रीव्ह्‌ज यांनी पॅरिस येथील प्रयोगशाळेत १९३७-३८ मध्ये ध्वनीचे अंकांत रूपांतर करण्याची पद्धत शोधली. पुढे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्या पट्ट्यातील वाणीचे सेकंदाला ८००० नमुने घ्यावयाचे व प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहावयाचा, असे ठरले. त्यातून सेकंदाला ६४,००० बिट हे दूरध्वनीचे प्रमाण निर्माण झाले व १९७२ मध्ये जी.७११ या शिफारशीने त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. अमेरिकेत १९६२ पासून चोवीस मार्गांची टी-१ वाहिनी वापरात आली. युरोपात व भारतात तीस मार्गांची ई-१ वाहिनी रूढ झाली. या वाहिन्यांत वाणी अंकरूप झाली होती, पण तिचे मंडल मोडले नव्हते. तारेची जागा कालखंडाने घेतली एवढेच. ई-१ वाहिनीच्या बत्तीस कालखंडांपैकी एक खंड तेवढ्या काळापुरता त्या दोन माणसांचाच असे.

३. पॅकेटचा सिद्धान्त आणि वाणीचा हट्ट

पॉल बॅरन यांनी रँड संस्थेत १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालमालेत, आणि डोनाल्ड डेव्हिस यांनी इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत १९६५-६६ च्या सुमारास, संदेशाचे लहान तुकडे करून ते स्वतंत्रपणे पाठविण्याची कल्पना मांडली. ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांचे. १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट सुरू झाले. पॅकेट-पद्धतीत मार्ग कोणासाठीही राखलेला नसतो. येईल त्याला सामावून घ्यावयाचे, गर्दी झाली तर रांगेत उभे करावयाचे आणि रांग भरली तर टाकून द्यावयाचे, हा तिचा धर्म. संगणकांच्या पत्रव्यवहाराला हे मानवते, कारण हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येतो. वाणीला ते मानवत नाही. अर्धा सेकंद उशिरा आलेला शब्द हा हरवलेल्या शब्दापेक्षा अधिक उपद्रवी ठरतो.

तरीही वाणी पॅकेटच्या जाळ्यावर फार लवकर आली, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. डॅनी कोहेन यांच्या पुढाकाराने तयार झालेली नेटवर्क व्हॉइस प्रोटोकॉल ही संहिता प्रथम डिसेंबर १९७३ मध्ये अमलात आली. १९७४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील माहितीशास्त्र संस्था व मॅसेच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा यांच्यामध्ये तिच्या साहाय्याने संभाषण झाले. १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये ती आरएफसी ७४१ म्हणून प्रसिद्ध झाली. म्हणजे इंटरनेटवरील दूरध्वनी ही १९९५ नंतरची कल्पना नसून तिचे वय खुद्द आजच्या इंटरनेट-संहितेपेक्षा अधिक आहे.

इतकेच नव्हे, तर त्या संहितेची घडण वाणीच्या आग्रहातून झाली. आरंभी टीसीपी ही एकच संहिता होती व ती प्रत्येक तुकडा क्रमाने व निश्चितपणे पोहोचविण्याचा हट्ट धरीत असे. वाणीला क्रमापेक्षा वेळ महत्त्वाची, हा मुद्दा कोहेन, डेव्हिड रीड आदींनी लावून धरला. परिणामी १९७८ मध्ये पॅकेट नेण्याचे काम आयपी या संहितेकडे व खात्रीचे काम टीसीपीकडे, अशी फाळणी झाली. ज्यांना खात्री नको, वेग हवा, त्यांच्यासाठी १९८० मध्ये यूडीपी ही साधी संहिता आली. आजही गेटवेतून जाणारी वाणी यूडीपीनेच प्रवास करते.

या विचाराचे तात्त्विक रूप सॉल्ट्झर, रीड व क्लार्क यांच्या १९८४ च्या प्रसिद्ध निबंधात आढळते. जाळ्याने शक्य तितके साधे राहावे व शहाणपण दोन्ही टोकांना असावे, हा त्याचा सारांश. त्यात वाणीचेच उदाहरण घेतले आहे. तुकडा हरवला तर जाळ्याने तो दुरुस्त करीत बसू नये. ऐकणारा माणूसच समोरच्याला पुन्हा बोलावयास सांगेल. हा युक्तिवाद सुंदर आहे. परंतु टोकावरील माणूस संकटात असेल, किंवा त्याला पुन्हा विचारण्याइतका अवधी नसेल, तर काय करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर त्या तत्त्वातून मिळत नाही. ते पुढे मांडणीत शोधावे लागले.

४. स्विचमध्ये मंडलाचे पुनरागमन

रॉबर्ट मेटकाफ व त्यांचे सहकारी यांनी १९७३ पासून झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील केंद्रात विकसित केलेले ईथरनेट हे मुळात एकाच तारेवर सर्वांनी बोलण्याचे जाळे होते. दोघे एकाच वेळी बोलू लागले की टक्कर व्हावयाची आणि दोघांनीही थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावयाचा. १९९० मध्ये कल्पना या कंपनीने ईथरनेटचा पहिला व्यापारी स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक होते. स्विचमुळे प्रत्येक यंत्राला स्वतःची तार मिळाली व टक्कर टळली. दूरध्वनी केंद्राचे जे ताराकार रूप स्ट्राउजरच्या काळापासून चालत आले होते, तेच संगणकांच्या जाळ्याने आता धारण केले.

आभासी जाळ्याची, म्हणजे व्हीलॅनची, कथा याहून उद्बोधक आहे. डेव्हिड सिंकॉस्की यांनी १९८१ ते १९८४ या काळात ईथरनेटवरून वाणी नेण्याचे प्रयोग केले होते. त्यानंतर बेलकोर या संस्थेत ईथरनेटचा विस्तार कसा करावा या प्रश्नावर काम करीत असता पॅकेटांना खूण लावून एकाच तारेवर अनेक वेगळी जाळी चालविण्याची कल्पना पुढे आली. १९९८ च्या आयईईई ८०२.१क्यू या मानकाने तिला स्थिर रूप दिले. खुणेतील बारा बिट जाळ्याचा क्रमांक सांगतात व तीन बिट अग्रक्रमाच्या आठ पायऱ्या सांगतात. त्याच वर्षी इंटरनेटच्या पातळीवरही डिफसर्व्ह या नावाने पॅकेटांची वर्गवारी करण्याची पद्धत निश्चित झाली. त्यात वाणीला सामान्यतः ४६ हा अंक दिला जातो. स्विचवर वाणीचे जाळे वेगळे करण्याची आजची ओळ या दोन घटनांची वारस आहे.

अग्रक्रमाची गरज का पडते, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. जी.७११ पद्धतीने वीस मिलिसेकंदांची वाणी एका पॅकेटात घातली तर तिचे १६० बाइट होतात. त्यावर आयपी, यूडीपी व आरटीपी यांची शीर्षके मिळून ४० बाइट चढतात. सेकंदाला अशी पन्नास पॅकेटे जातात. म्हणजे ६४,००० बिटांच्या वाणीला ८०,००० बिट लागतात व ईथरनेटचे आवरण धरले तर सुमारे ८७,०००. वाणी आकुंचित करणाऱ्या जी.७२९ पद्धतीत वाणी केवळ २० बाइटांची, पण शीर्षक ४० बाइटांचेच राहते. मालापेक्षा वेष्टन दुप्पट. आता सेकंदाला ६४,००० बिट वाहणाऱ्या अरुंद मार्गावर संगणकाचे १५०० बाइटांचे एक पॅकेट पुढे असेल, तर ते निघून जाण्यास १८७.५ मिलिसेकंद लागतात. चांगल्या संभाषणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सुचविलेली एकेरी विलंबाची मर्यादा १५० मिलिसेकंद आहे. एका पत्राच्या मागे उभे राहण्यातच सारा अवधी संपतो. कार्यालयातील १०० मेगाबिटांच्या तारेवर हाच विलंब ०.१२ मिलिसेकंद भरतो. म्हणून अग्रक्रमाचा खरा कस स्विचच्या आत लागत नाही. रुंद जाळे जेथे अरुंद मार्गाला मिळते त्या सीमेवर, म्हणजेच गेटवेपाशी, तो लागतो.

येथे एक आक्षेप संभवतो. अग्रक्रम म्हणजे राखीव मार्ग नव्हे; तेव्हा मंडल परत आले असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही काय? आक्षेप अंशतः खरा आहे. मंडलात नव्या ग्राहकाला नकार मिळे व जुन्याचे संभाषण अबाधित राही. पॅकेटच्या जगात नव्याला प्रवेश मिळतो आणि सर्वांचीच वाणी तुटू लागते. दहा संभाषणांच्या मार्गावर अकरावे आले म्हणजे केवळ अकराव्याचे नुकसान होत नाही, अकराही जणांचे होते. परंतु हेच ध्यानी आल्यामुळे गेटवेच्या मांडणीत प्रवेश-नियंत्रणाची ओळ आली. ठरलेल्या संख्येपलीकडे संभाषण आले तर ते घेऊ नये, अशी ती आज्ञा. म्हणजे व्यग्रतेचा स्वरही परत आला, आणि त्याच्याबरोबर एर्लांगही.

विजेची हमीही अशीच परतली. आयपी दूरध्वनीला विजेचा स्वतंत्र पुरवठा लागे व तो गेला की यंत्र मुके होई. २००३ च्या आयईईई ८०२.३एएफ मानकाने स्विचच्या तारेतूनच यंत्राला वीज देण्याची सोय केली. तिचा दाब ४४ ते ५७ व्होल्ट, म्हणजे नाममात्र ४८ व्होल्ट. जुन्या केंद्राच्या बॅटरीचीच ही पातळी.

५. सीमेवरील वाद

१९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने ‘इंटरनेट फोन’ विक्रीस आणला तेव्हा तो संगणकावरून संगणकाशी बोलण्यापुरताच होता. जगातील कोट्यवधी साध्या दूरध्वनींशी बोलावयाचे तर सीमेवर दुभाष्या हवा. त्याने कोणाची भाषा बोलावी, यावर दोन परंपरांत वाद झाला. दूरध्वनीच्या परंपरेतून १९९६ मध्ये एच.३२३ हे मानक आले. त्यातील संकेतांवर जुन्या केंद्रांच्या भाषेची छाप स्पष्ट दिसते. इंटरनेटच्या परंपरेतून १९९९ मध्ये एसआयपी आली. तिची रचना वेबच्या संहितेसारखी वाचता येण्याजोग्या मजकुराची होती. एसआयपीचे सुधारलेले रूप २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास एमजीसीपी व मेगॅको या संहितांनी तिसरी भूमिका घेतली. गेटवेने काहीच ठरवू नये, दूरच्या नियंत्रकाने सांगावे तसे करावे, हे त्यांचे म्हणणे. शहाणपण टोकाला असावे की केंद्रात, हा १९८४ चा प्रश्नच येथे नव्या वेषात उभा राहिला.

सीमेवर काही जुने दोषही उघडे पडले. दोन तारांचे चार तारांत रूपांतर होते तेथे वाणीचा थोडा भाग परत फिरतो. विलंब अल्प असता हा प्रतिध्वनी जाणवत नाही. पॅकेटमुळे विलंब वाढताच तो छळू लागतो. तो मारण्याचे साधन मात्र आधीच तयार होते. बेल प्रयोगशाळेतील मनमोहन सोंधी यांनी १९६७ मध्ये स्वतःला जुळवून घेणाऱ्या प्रतिध्वनी-निवारकावर निबंध प्रसिद्ध केला होता. १९६३ पासून रूढ झालेल्या बटणांच्या दूरध्वनीतील स्वरांचीही अशीच अडचण. वाणी आकुंचित करणारी पद्धत मानवी कंठासाठी घडविलेली असल्याने ते स्वर तिच्यातून विकृत होतात. म्हणून ते स्वररूपाने न पाठविता ‘अमुक बटण दाबले’ अशी बातमी म्हणून पाठवावे, असे २००० मध्ये ठरले.

परंतु मांडणीतील सर्वांत गंभीर भाग आकड्यांचा तक्ता हा होय. कार्यालयातील खाजगी केंद्रातून बाहेर जाण्यासाठी अमेरिकेत प्रथम ९, तर भारतातील पुष्कळ कार्यालयांत ०, फिरविण्याची चाल पडली. गेटवेने ती वारसा म्हणून स्वीकारली. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधील मार्शल येथील एका निवासगृहात एका स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा आपत्कालीन क्रमांक पुनःपुन्हा फिरविला. पण आधी आणखी एक ९ लागतो हे तिला ठाऊक नव्हते, व हाक बाहेर गेलीच नाही. त्या मातेच्या नावाने ओळखला जाणारा केरीचा कायदा २०१८ मध्ये संमत झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसविल्या जाणाऱ्या बहुशाखी यंत्रणांत ९११ थेट लागलाच पाहिजे, असे त्याने बंधन घातले. एका सवयीच्या आकड्यासाठी कायदा करावा लागावा, यावरून मांडणीची ओळ केवळ तांत्रिक नसते हे सिद्ध होते.

६. भारतातील अनुभव : मांडणी आणि कायदा

भारतात या सीमेला प्रारंभापासून कायद्याचे स्वरूप होते. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच संस्थेकडे परदेशी दूरध्वनीची मक्तेदारी होती, व परदेशी संभाषणाचे उत्पन्न मोठे होते. गेटवे बसवून परदेशी संभाषण इंटरनेटवरून आणावयाचे व स्थानिक संभाषण म्हणून जुन्या जाळ्यात सोडावयाचे, हे उघडच त्या उत्पन्नावर आघात करणारे. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने इंटरनेट दूरध्वनीला तूर्त परवानगी नाकारली. ३१ मार्च २००२ रोजी मक्तेदारी संपली आणि १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. या दोन दिनांकांतील सान्निध्य योगायोगाचे नाही. परवानगी मिळाल्यावरही देशांतर्गत जुन्या जाळ्याशी जोडणी करण्यास मनाई राहिली.

याचा परिणाम मुंबई, पुणे, बंगळूर आदी शहरांतील सेवाकेंद्रांच्या मांडणीवर थेट झाला. एकाच संभाषणात जुन्या जाळ्याचा मार्ग व खाजगी पॅकेट-जाळ्याचा मार्ग एकत्र येऊ नयेत, यासाठी काही ठिकाणी यंत्रेच वेगळी ठेवावी लागली. काही ठिकाणी ‘तार्किक विभागणी’ या नावाने नियम लिहावे लागले. जे यंत्र दोन जाळी जोडण्यासाठी निर्माण झाले त्याच्याच मांडणीत ती न जोडण्याच्या ओळी भराव्या लागल्या, हा विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांसाठी जोडणीची वाट खुली झाली. सेवाकेंद्रांवरील बंधने नोव्हेंबर २०२० व जून २०२१ च्या आदेशांनी बव्हंशी उठली. १८८५ च्या तार कायद्याची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला. जुन्या मांडणींतील ते विभागणीचे नियम मात्र आता त्या वीस वर्षांच्या धोरणाचे पुरावे ठरतात. यंत्रे बदलली की ते पुसले जातात, आणि त्यांची नक्कल कोणत्याही अभिलेखागारात ठेवली जात नाही.

७. उपसंहार

वरील विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पॅकेटने मंडलाचा पराभव केला या विधानात दुरुस्ती करावयास हवी. पॅकेटने मंडलाची तार घेतली, पण मंडलाच्या हमी तिच्याबरोबर आपोआप आल्या नाहीत. राखीव मार्गाच्या जागी अग्रक्रम, व्यग्रतेच्या स्वराच्या जागी प्रवेश-नियंत्रण, केंद्राच्या बॅटरीच्या जागी स्विचमधून येणारी वीज, अशा रीतीने त्या एकेक करून पुन्हा लिहाव्या लागल्या. मंडलात या हमी पदार्थाच्या स्वभावातच होत्या. त्या देण्यास कोणी विसरू शकत नसे. मांडणीत त्या कोणीतरी लिहिल्या तरच असतात. ब्रिटनमध्ये जुने दूरध्वनी-जाळे बंद करण्याची २०२५ ची मुदत २०२४ मध्ये जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. त्या जाळ्यावर विसंबणारी वृद्ध व आजारी लोकांची साहाय्य-यंत्रणा बंद पडण्याचा धोका हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. न लिहिलेल्या हमीची किंमत कोणाला मोजावी लागते, हे त्यावरून दिसून येते.

दुसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीविषयीचा आहे. ताम्रपटातील सीमावर्णन वाचून इतिहासकार गावाची शीव, कराची रीत व सत्तेची मर्यादा ओळखतो. गेटवेची मांडणी हेही एक सीमावर्णनच आहे. कोणाला आत घ्यावयाचे, कोणाला आधी सोडावयाचे आणि कोणाची हाक कोठे पोहोचवावयाची, हे ती सांगते. ताम्रपट टिकावा म्हणून धातूवर कोरला जाई. मांडणीचा लेख मात्र यंत्राबरोबर नाहीसा होतो. विद्यापीठे, शासकीय कार्यालये व दूरसंचार-संस्था यांनी यंत्र निकालात काढण्यापूर्वी गुप्त संकेत वगळून मांडणीची एक प्रत जतन करण्याची प्रथा पाडली, तर पुढील अभ्यासकांना या स्थित्यंतराचा इतिहास मूळ साधनांवरून लिहिता येईल.